बंद घर

आमच्या दाराच्या डाव्या हाताला, बेलच्या बटणाखाली, भिंतीवर खडूने लिहिलेल्या तारखांची एक रांग आहे. नगरपालिकेची डासांच्या अळ्या तपासणारी माणसं येऊन गेली की तिथे तारीख टाकतात आणि पुढे आकडे लिहितात: किती भांडी पाहिली, किती भांड्यांत अळी निघाली. शेजारपाजारच्या भिंतींवर असे आकडेच आकडे आहेत. आमच्या भिंतीवर मागच्या पावसाळ्यापर्यंत प्रत्येक तारखेपुढे एकच शब्द होता, 'बंद'. जूनमध्ये बंद, जुलैमध्ये दोनदा बंद, ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा बंद.

घर बंद कधीच नव्हतं. आम्ही नऊ माणसं या घरात राहतो. अम्मींचे गुडघे दुखू लागल्यापासून त्या तर उंबरठ्याबाहेरही पडत नाहीत. बेल वाजायची, आम्हा दोघी जावांपैकी कुणीतरी पडद्याआडून विचारायचं, बाहेरून आवाज यायचा, "ताई, पाण्याची भांडी बघायचीत." आमचं उत्तर तयार असायचं: "घर में मर्दां नै, बाद में आव." त्यांनाही पुढची घरं करायची असायची. खडूने दोन अक्षरं लिहिली की काम भागायचं, त्यांचंही आणि आमचंही.

पडदा हे कारण आम्ही सांगायचो. पण येणाऱ्यांत बहुतेक वेळा आशाताई असायच्या, म्हणजे बाईमाणूसच, आणि पोलिओच्या थेंबांपासून बाळंतपणापर्यंत त्यांना आमचं घर पाठ होतं. खरी कारणं वेगळी होती. हातात रजिस्टर घेऊन कुणी दारात उभं राहिलं आणि घरात माणसं किती, नावं काय असं विचारू लागलं, की आमच्या मोहल्ल्याच्या पोटात गोळा येतो. 2019-20 च्या हिवाळ्यात कागदपत्रांच्या बातम्यांनी जी धास्ती बसली ती अजून गेलेली नाही. सर्वेक्षण कशाचं आहे हे कळायच्या आत दार लोटलं जातं.

दुसरं कारण सांगायला जास्त जड आहे. आम्हाला वाटायचं, आमच्याकडे तपासायचं काय? घाण शोधायची तर बोळाच्या तोंडाशी जा, तिथे ढीग पडलाय. आमची फरशी दिवसातून दोनदा पुसली जाते. पिण्याचं पाणी वेगळं, वापरायचं वेगळं, वजूचं वेगळ्या पिंपात. बैठकीच्या खोलीत तहारतीबद्दलची हदीस सोनेरी अक्षरांत फ्रेम करून लावलेली आहे. अशा घरात कुणी टॉर्च मारून घाण शोधणार, हा आम्हाला अपमान वाटायचा.

घरात शिरून तपासणी म्हटलं की आपल्याकडे जुनी जखमही आहेच. 1897 साली पुण्यात प्लेगच्या वेळी गोरे सोल्जर घराघरांत शिरले, माणसं उचलून नेली, सामान बाहेर काढून जाळलं. त्या संतापातून 22 जूनच्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. साथीच्या रोगांचा कायदाही त्याच वर्षीचा. सरकारी माणूस आजाराच्या नावाने उंबरठा ओलांडतो तेव्हा हिंदू काय, मुसलमान काय, मनात पहिली येते ती शंकाच. पण आमच्या दारात सोल्जर नव्हते. पलीकडच्या गल्लीतली, आमच्याच मुलीच्या वर्गातल्या मुलीची आई होती, आणि तिच्या हातात टॉर्च होता.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी, जुम्याला म्हणून घरातले पुरुष दुपारी घरी आले होते. बेल वाजली आणि या वेळी भाईजाननी दार उघडलं. स्वच्छता निरीक्षक, मुकादम आणि आशाताई. आमच्या वॉर्डात डेंग्यूचे रुग्ण सापडले होते, त्यामुळे बंद घरांची वेगळी यादी निघाली होती. 'बाद में'ला जागा उरली नव्हती.

आशाताईंनी वजूच्या पिंपातून वाटीभर पाणी काढलं. पांढऱ्या चिनीमातीची वाटी होती, मुद्दाम पांढरी. आधी काहीच दिसेना. मग पाणी स्थिरावलं आणि काळपट दोऱ्यांचे तुकडे वळवळत वर येऊ लागले. वाटी हलली की सुळकन खाली जायचे, पुन्हा वर यायचे. अम्मी पलंगावरून म्हणाल्या, "पाणी स्वच्छ आहे हो आमचं." निरीक्षक म्हणाले, "म्हणूनच, काकी. डेंग्यूच्या डासाला स्वच्छच पाणी लागतं."

हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पोस्टरवर वाचलं होतं. पण पोस्टरवरचा डास आणि वजूच्या पिंपातला डास एकच, हे डोक्यात शिरलं नव्हतं. गटारात वाढतो तो डास वेगळा. तो रात्री गुणगुणतो, हत्तीरोग पसरवतो. अंगावर पांढरे पट्टे असलेला एडिस दिवसा चावतो आणि आपल्या घरातच राहतो. जन्मभर सहसा काही शे मीटरच्या पलीकडे जातही नाही. म्हणजे आपल्याला चावलेला डास आपल्याच घरचा, नाही तर शेजारचा.

घरात अकरा ठिकाणी पाणी होतं. चारांत अळी निघाली: वजूचं पिंप, गच्चीवरचं निळं बॅरल, फ्रिजच्या मागचा ट्रे आणि खिडकीतली मनी प्लांटची बाटली. फ्रिजच्या मागे पाणी साठतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं. निरीक्षकांनी नोटीस लिहिली, पाचशे रुपयांची पावती फाडली. बॅरल ओतायला लावलं आणि सांगितलं, "नुसतं ओतू नका. आतून काथ्याने घासा. डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात." ही सूचना आम्ही ऐकली. ऐकली एवढंच.

पाचशे रुपयांपेक्षा जास्त झोंबलं ते दुसरंच. मोहल्ल्यात संध्याकाळपर्यंत चर्चा सुरू झाली की या लोकांना नोटीस द्यायला आपलीच गल्ली सापडते. भाईजान सोमवारी नगरपालिकेत निघाले तेव्हा आम्हीही सोबत गेलो. बोलायचं बरंच होतं. आमच्या बोळात घंटागाडी येत नाही; बोळ अरुंद, गाडी वळत नाही, म्हणून ती नाक्यावर दोन मिनिटं गाणं वाजवते आणि जाते. अम्मींच्या वयाच्या बायकांनी बादल्या घेऊन नाक्यापर्यंत पळायचं. जे पळू शकत नाहीत त्यांचा कचरा बोळाच्या टोकाच्या मोकळ्या जागेत. तिथे शहाळी, करवंट्या, चहाचे कप, दोन-तीन टायर. पाऊस पडला की त्या प्रत्येकात पाणी. 2016 चे घनकचरा नियम आम्हाला सांगायचे की ओला, सुका आणि घातक असा तीन प्रकारचा कचरा वेगळा करा, आणि तेच नियम पालिकेला सांगायचे की घरोघर जाऊन तो उचला. आमच्या वाट्याला नियमाचा पहिला अर्धाच यायचा.

आणि पाणी. नळ चौथ्या दिवशी येतो, तोही पाऊण तास. नोटिशीत लिहिलंय की पाणी आठवडाभराहून जास्त साठवून ठेवू नये. कुणी म्हणेल, चौथ्या दिवशी पाणी येतं तर अडचण काय? अडचण अशी की एक पाळी चुकली की आठवा दिवस उजाडतो, आणि पाळी कधी चुकेल ते कुणी सांगत नाही. म्हणून प्रत्येक घरात एक पिंप धास्तीचं असतं. ते कधीच संपवायचं नाही. नवं पाणी आलं की वरून भरायचं. त्याचा तळ कुणी महिनोन्‌महिने पाहिलेला नसतो. अळीला आणखी काय हवं?

हे सगळं बोलायचं ठरवून आम्ही आरोग्य विभागाच्या खिडकीपाशी गेलो. तिथे आमच्यापुढे रांग होती. बाजारपेठेतल्या वाड्याचे मालक होते, बांधकामाचे एक ठेकेदार होते, एका दवाखान्याचा कंपाउंडर होता. दवाखान्याच्या कूलरमध्ये अळी निघाली होती. सगळ्यांच्या हातात तीच गुलाबी पावती. फक्त आपल्याच गल्लीला नोटीस, ही आमची तक्रार रांगेतच विरघळली. उरलेल्या तक्रारी मात्र तशाच होत्या. लेखी अर्ज दिला, पोचपावती घेतली, घरी आलो. पिंप ओतलं, विसळलं, पाणी आलं तसं भरलं. घासलं नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात धाकटीची सात वर्षांची मुलगी शाळेतून आली ती तापाने फणफणूनच. डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणाली. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, एनएस-वन पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, पण अंगदुखी-तापावर दुकानातून कोणतीही गोळी आणून देऊ नका, पॅरासिटामॉलच. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन पोटात गेलं तर रक्तस्राव वाढू शकतो. डेंग्यूवर वेगळं औषध नाही. पाणी, सरबत, पेज सतत देत राहायचं आणि लक्ष ठेवायचं.

पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. घरभर आनंद झाला. अम्मींनी शुक्राच्या दोन रकात अदा केल्या, सदका काढला. पोरीला खिमटी खायला घातली. दुपारपर्यंत तिने तीनदा उलटी केली, पोट दुखतंय म्हणून पाय जवळ घेऊन पडून राहिली. हातपाय गार लागले. ताप उतरलाय म्हणून गार लागतायत, असंच आम्ही धरून चाललो होतो. डॉक्टरांना फोनवर सांगितलं तेव्हा ते ओरडलेच: आत्ताच्या आत्ता घेऊन या. डेंग्यूत धोक्याचा काळ ताप उतरल्यावर सुरू होतो. रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपतं, रक्तदाब घसरतो. पोटदुखी, वारंवार उलटी, गार हातपाय, हिरड्यांतून रक्त, सुस्ती. यांतलं काहीही दिसलं तर घरी थांबायचं नाही. हे आम्ही इथे मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण आमच्या घरात दोघीजणी बारावी शिकलेल्या असूनही हे कुणाला माहीत नव्हतं.

चार दिवस सलाईन. प्लेटलेट रोज मोजायचे, आकडा खाली जायचा. पहिल्या रात्री आम्ही दोघी पलंगाच्या दोन बाजूंना बसून होतो. तस्बीह हातात होती, पण डोळ्यांपुढे पांढरी वाटी येत होती. ज्या पिंपाच्या पाण्याने आम्ही वजू करून तिच्यासाठी दुआ मागत होतो, त्याच पिंपातून. हे कुणी सिद्ध करू शकत नाही. डास कोपऱ्यावरच्या टायरमधला असेल, शाळेतलाही असेल. पण ते पिंप ओतून पुन्हा भरल्याला पंधरा दिवस झाले होते. एडिसची अंडी कोरड्या कडेलाही कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. हिशेब आम्हालाही येत होता.

अल्हमदुलिल्लाह, पोर घरी आली. आल्या दिवशी पहिलं काम केलं ते पिंप घासायचं. काथ्या आणि वाळू घेऊन आम्ही दोघी भिडलो. आतल्या कडेला काळसर रेघ होती, पाण्याच्या जुन्या पातळीची. आम्ही तिला डाग समजत आलो होतो.

मग आशाताईंना आम्हीच बोलावलं. त्यांना विचारलं, मोहल्ल्यात किती घरं बंद? त्यांनी रजिस्टर दाखवलं. दर तीन घरांमागे एक. मशिदीपुढे तर नुसती रेघ. बंदही नाही, काहीच नाही. त्या म्हणाल्या, "मशिदीत कशाला जायचं, साहेबच म्हणतात. उगाच वाद नको." म्हणजे आम्ही अपमान नको म्हणून दार उघडत नव्हतो आणि ते वाद नको म्हणून आत येत नव्हते. दोघांनीही एकमेकांचा मान राखला होता आणि त्यात अळ्यांचं बरं चाललं होतं. नोटीस मिळाली तेव्हा वाटलं होतं की आपल्याला वेगळं काढलं. वेगळं खरं तर त्या रेघेनं काढलं होतं.

मशिदीच्या हौदाचं पाणी थोरलीच्या मुलाने अस्रच्या वेळी लोणच्याच्या बरणीत भरून आणलं. उन्हात धरलं. दिसायचं ते दिसलं. बरणी तशीच पेशइमाम साहेबांकडे पाठवली. विश्वस्तांपैकी एकजण म्हणाले, वर्षानुवर्षांचा हौद आहे, आजवर कुणाला काही झालं नाही. इमाम साहेबांनी बरणी चष्म्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिली. औषध टाकायचं का, यावर थोडी कुरकुर झाली, कारण वजूत त्याच पाण्याने कुल्ली करायची असते. मग इमाम साहेबच म्हणाले की जुन्या मशिदींच्या हौदांत मासे असायचेच. पाण्यातला जीव पाण्यात मेला म्हणून पाणी नापाक होत नाही, आपल्या हनफी फिकहमध्ये हे स्पष्ट आहे. मलेरिया विभाग गप्पी मासे फुकट देतो. दुसऱ्या दिवशी आशाताई स्वतः पिशवीतून घेऊन आल्या, मशिदीच्या दारापर्यंत. आत सोडले ते मुलांनी. पुढच्या जुम्याच्या बयानात इमाम साहेबांनी रात्री पाण्याची भांडी झाकून ठेवण्याच्या ताकिदीची आठवण दिली. ती हदीस आम्ही मदरशात ऐकली होती, पण डासांशी कधी जोडली नव्हती.

'कोरडा दिवस' पाळा असं पोस्टर सांगतं: आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून घासून कोरडी करा. आम्ही आधी जुम्याचा दिवस ठरवला. गुसलही त्याच दिवशी, सफाईही. दोन आठवड्यांत गडबड झाली. पाणी शनिवारी यायचं असेल तर शुक्रवार ठीक. पण चौथ्या दिवसाची पाळी सरकत राहते, आणि पाणी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी भरलेलं पिंप कोण ओतणार? ओतलं तर अम्मींचं दटावणं वेगळं: वाहत्या नदीकाठीही पाणी वाया घालवू नये अशी शिकवण असताना हे काय? म्हणून आता दिवस ठरलेला नाही. पाणी येणार त्याच्या आधीच्या संध्याकाळी घासायचं. धास्तीचं पिंप दोन लहान पिंपांत वाटलं. एका पाळीला एक रिकामं होतं, दुसऱ्या पाळीला दुसरं. तोंडाला जुन्या ओढणीचं कापड, वर रबर. एवढं ठरवायला आम्हाला दीड महिना लागला.

बोळातल्या बायकांना आम्ही भाषण दिलं नाही. आशाताई आल्या की त्यांच्यासोबत दारोदार फिरलो, इतकंच. "मैं हूँ भाभी, खोलो," म्हटलं की दारं उघडली. एका घरात निघालेलं पाहून दुसऱ्या घरातल्या स्वतःच वाटी घेऊन गच्चीवर पळाल्या. त्या दिवशी एकाही घराला पावती फाडली नाही. निरीक्षकांनी सांगितलं होतं, पहिल्या खेपेला समज, दुसऱ्या खेपेला पावती. असं आधी का नव्हतं, हे आम्ही विचारलं. आधी दारच उघडत नव्हतं, तर समज कुणाला द्यायची, असं उत्तर मिळालं. ते पूर्ण खरं नाही. रुग्ण सापडेपर्यंत पालिकेलाही घाई नव्हती, धुराची गाडी फिरवली की झालं. धुराने उडते डास मरतात, पिंपातली अळी तशीच राहते; हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

आमच्या अर्जाचं अर्धंच काही झालं. टायर उचलले. बोळासाठी हातगाडी द्यायचं कबूल झालं. ती दोन महिने आली, मग सफाई कामगाराची बदली झाली आणि बंद पडली. पाण्याच्या पाळीचं वेळापत्रक लावा, या मागणीवर उत्तर नाही. नोटीस ज्या 1965 च्या नगरपरिषद कायद्याखाली आली, त्याच कायद्याने पाणी पुरवणं आणि गटारं साफ ठेवणं पालिकेवरही बांधलं आहे. भाईजाननी दुसरा अर्ज त्यावर बोट ठेवून लिहिलाय. आता अर्जाखाली बोळातल्या एकतीस बायकांच्या सह्या आहेत. रजिस्टरमध्ये नाव सांगायला घाबरणाऱ्यांनीच त्या केल्या आहेत.

यंदा जूनमध्ये आमच्या भिंतीवर पहिली तारीख पडली. पुढे लिहिलंय: 9, आणि त्याखाली 0. मुलीने खडूचा आकडा बोटाने पुसून बघितला म्हणून अम्मी रागावल्या.

आमच्या डाव्या हाताचं घर मात्र खरंच बंद आहे. मालक कुटुंबासह नोकरीसाठी आखातात. दोन वर्षांतून एकदा येतात. गच्चीवर त्यांची काळी टाकी आहे, झाकण मागच्या वादळात उडून गेलं. कुलूप तोडायचा अधिकार आशाताईंना नाही, निरीक्षकांनी नोटीस दाराला चिकटवली, ती पावसात भिजून गळून पडली. मालकांना आम्ही व्हॉट्सॲपवर टाकीचा फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या आहेत. आमच्या गच्चीच्या कठड्यावरून वाकलं की टाकीच्या तोंडातून आकाश दिसतं. मधलं अंतर सहा-सात फूट असेल. थोरलीच्या मुलाने गप्पींची पिशवी आणून ठेवली आहे, आणि टाकीपर्यंत पोचेल अशी काठी शोधतोय.